एफ म्हणजे फसवणूक

प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक वाक्य असतं: याचा पुरावा आमच्याकडे आहे. आमच्या घरात ते वाक्य मिठासारखं होतं, चव न बघता घालायचं. वडील तरुणपणापासून एका संघटनेत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त. पाण्याचं, रस्त्याचं, वनहक्काचं, एसटीच्या बंद झालेल्या फेरीचं. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. शाळेत बाईंनी 'ध' कशाचा असं विचारलं तेव्हा बाकीची मुलं धनुष्याचा म्हणाली, मी धिक्काराचा म्हणाले. बाईंनी मारलं नाही, पण वडिलांना बोलावून घेतलं. वडील घरी येताना मला गोळ्या घेऊन आले.

म्हणून मोठेपणी मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं तेव्हा त्याच्या शेवटी ते वाक्य आपोआप आलं. ते खरं आहे का, हा प्रश्न मला पडलाच नाही. पूर्णविराम खरा आहे का, असं कुणी विचारतं का?

पत्रक तांदळाचं होतं. आमचं गाव खोडाळ्याच्या पलीकडे, मोखाडा तालुक्यात. घरचं भात संपलं की सगळी घरं रेशनच्या तांदळावर येतात. त्या तांदळात काही महिन्यांपासून वेगळेच दाणे दिसायला लागले होते. मूठभर तांदूळ सुपात घेतला की त्यात एखाद-दुसरा दाणा जरा पिवळट, गुळगुळीत, बाकीच्यांत मिसळूनही न मिसळलेला. पाण्यात टाकला तर काही वेळा वर तरंगायचा. बायका तो निवडून अंगणात फेकायच्या. "प्लास्टिकचा आहे," असं एकीने म्हटलं आणि ते सगळ्या पाड्यांत पोचलं. त्यात पोत्यावर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि पुढे इंग्रजी 'एफ' छापलेला. एक म्हातारे म्हणाले, एफ म्हणजे फॉरेस्ट, कारण आमच्याकडे इंग्रजीतलं जे काही येतं ते फॉरेस्टमधूनच येतं. दहावीत दोनदा बसलेल्या एकाने सांगितलं, एफ म्हणजे फेल, नापास झालेला तांदूळ आपल्याकडे पाठवतात. मी दोघांच्या पुढे गेले. मी पत्रकाचं शीर्षकच दिलं: 'एफ म्हणजे फसवणूक'. गरिबांच्या ताटात प्लास्टिक वाढणाऱ्या दुकानाची चौकशी करा, दुकान काढून घ्या, याचा पुरावा आमच्याकडे आहे.

दुकान बायकांच्या बचत गटाचं होतं. गटाची अध्यक्ष माझी सख्खी आत्या होती. नात्यापेक्षा तत्त्व मोठं, असा निबंध मी आठवीत लिहिला होता आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते बक्षीस अशा वेळी फार त्रास देतं.

पत्रक वाटून तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या घरी आली. हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"वाच," ती म्हणाली.

"आत्या, तुला वाचता येतं की."

"येतं. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी वाचलं. पहिल्या दोन परिच्छेदांत आवाज चांगला लागला होता. नंतर जरा बसला.

"शेवटचं परत वाच."

"याचा पुरावा आमच्याकडे आहे."

"आण."

"काय?"

"पुरावा. तुमच्याकडे आहे ना? आण. मी बसते." आणि ती ओट्यावर बसली.

मी वडिलांकडे बघितलं. आयुष्यात कुठल्याही बैठकीतून मधेच न उठलेला हा माणूस उठला आणि "गाईला पाणी दाखवून येतो" म्हणून मागच्या दाराने गेला. आमची गाय दोन वर्षांपूर्वी विकली आहे.

"नाय ना?" आत्या म्हणाली. "आता ऐक. आठ दिवसांनी ग्रामसभा आहे. तुझं पत्रक धरून ठराव येणार आहे, दुकान गटाकडून काढून घ्या असा. आम्ही नऊ बायकांनी मोखाड्याला तहसीलच्या पायऱ्या किती वेळा चढल्या ते तुझ्या बापाला विचार, गाईकडून आला की. तू ग्रामसभेत पुरावा दाखव. प्लास्टिक असलं तर चावी मी स्वतः टेबलावर ठेवते."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर काय ते मी तेव्हा सांगेन."

ती गेल्यावर मला आणखी एक गोष्ट आठवली आणि बरं वाटेनासं झालं. आदल्या दिवशी गटाच्या आधीचा दुकानदार माझ्याकडे आला होता. त्याचं दुकान महिन्यातून दोन दिवस उघडायचं, तेही कुठले ते त्यालाच माहीत. तो म्हणाला होता, "फार छान लिहिलंयस. पन्नास प्रती अजून दे, मी वाटतो." माझं लिखाण इतकं आवडलेला तो पहिलाच वाचक. मी खूश होऊन साठ दिल्या होत्या.

पुरावा म्हणजे फोटो, हे मी लगेच ठरवलं. त्या दाण्याचा असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला शंका राहू नये. आधी मोबाइलवर काढला. दाणा मोत्यासारखा दिसला, आणि मोत्याविरुद्ध ठराव करता येत नाही. मग कॅमेरा काढला. तो मी जव्हारच्या स्टुडिओवाल्या काकांकडून जुना घेतलेला. लिखाणाला मिळालेलं पहिलं मानधन त्यात गेलं होतं. त्याची लेन्स माणसं, मोर्चे, डोंगर यांना ठीक. दाण्याजवळ नेली की सगळं धुरकट, आणि मागे घेतलं की दाणा म्हणजे एक ठिपका. खोडाळ्याच्या बाजारात मोबाइलला चिमट्याने लावायची इवलीशी लेन्स मिळते, ती आणली. तिच्यातून दाणा मधे स्पष्ट आणि कडांना वाकलेला दिसायचा, पोटात दुखत असल्यासारखा. दुसऱ्या दिवशी चिमटाच तुटला.

आमच्याकडे इंटरनेट शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ, टाकीकडे पाठ करून उभं राहिलं तर मिळतं. तिथे उभी राहून मी दोन संध्याकाळी मॅक्रो लेन्सबद्दल वाचलं. खरी मॅक्रो लेन्स म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच्या तेवढी कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर उमटवणारी. तिच्याबद्दल लिहिणारी माणसं बहुतेक माशीच्या डोळ्यांचे फोटो काढणारी होती. माशीच्या डोळ्यांवर एवढा जीव टाकणारी माणसं जगात आहेत याचं मला कौतुक वाटलं, आणि मग किंमत बघितली. एका लेन्समध्ये माझ्या कॅमेऱ्यासारखे तीन जुने कॅमेरे आले असते. स्वस्तातल्या होत्या, पण त्या ऑनलाइन मागवायच्या. मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन खरेदीवर माझा बहिष्कार आहे. तो मी लेखी जाहीर केलेला आहे. "आपल्या पत्त्यावर वस्तू पोचवता येत नाही" असं लाल अक्षरांत आलं तेव्हा कळलं की आमच्या पिनकोडचंही तेच तत्त्व आहे.

चौथ्या दिवशी जीपने मोखाडा आणि तिथून जव्हार गाठलं.

स्टुडिओवाले काका लग्नं, बारशी आणि जातीच्या दाखल्याचे फोटो काढतात. दुकानाच्या भिंतीवर नवरा-नवरींचे फोटो छतापर्यंत. मी पत्रक पुढे ठेवलं आणि शंभर एमएमची मॅक्रो लेन्स आठवडाभर भाड्याने मिळेल का विचारलं.

त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा वर केला. "कशाचा फोटो काढायचाय?"

"दाण्याचा."

"पळतो का?"

"काका, तांदूळ आहे."

"म्हणून विचारलं. शंभरची लेन्स लांबून काढता यावं म्हणून घेतात. फुलपाखरू असतं, जवळ गेलं की उडतं. तुझा तांदूळ उडणार असेल तर घे. नसेल तर लांबून काढायचे पैसे कशाला द्यायचे?"

मी दोन संध्याकाळी टाकीजवळ उभी राहिले होते आणि हे एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी खण उघडला. आधी एक बहिर्गोल काच काढली, नेहमीच्या लेन्सच्या तोंडाला चष्म्यासारखी लावायची. खिशातून मी पुरचुंडी काढली, एक दाणा काउंटरवर ठेवून बघितला. मोठा दिसला, पण कडेने जांभळी-हिरवी झालर.

"ही स्वस्तातली काच," काका म्हणाले. "नवरीला चालते, नवरी खूश होते. पुराव्याला चालणार नाही."

मग त्यांनी एक काळी नळी दाखवली. लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसवायची, म्हणजे लेन्स पुढे सरकते आणि जवळचं दिसतं. मी नळीतून बघितलं. पलीकडे काका दिसले.

"हिच्यात काच नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"पोकळ आहे."

"आणि हिचे पैसे घेतात? आत काही नसताना?"

"तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला पोकळ वस्तूच्या किमतीचं नवल वाटतं?" काका म्हणाले. "भाषणांना जातेस ना तू?"

नळी चांगली होती. पण ती त्यांची नव्हती, नाशिकच्या कुणाची तरी दुरुस्तीला आलेली, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर पुरावा उभा करायचा नाही हे आमचं दोघांचंही मत पडलं. काका विचार करत बसले. मग स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक जुनी लेन्स काढली, रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातली, पन्नास एमएम. लोखंडासारखी जड. आणि खणाच्या तळातून एक लोखंडी कडं.

"हे कडं लाव आणि लेन्स उलटी बसव."

"उलटी म्हणजे?"

"तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ दाण्याकडे. नेहमी ती लांबचा डोंगर छोटा करून आत घालते. उलटी केली की छोटी वस्तू मोठी करते. मी अंगठ्यांचे फोटो काढायचो असे. मधे सगळ्यांना अंगठीचा फोटो लागायचा. आता ड्रोन लागतो."

आम्ही बसवली. दाणा काउंटरवर ठेवला, चार बोटांवर कॅमेरा नेला आणि मी डोळा लावला. समोर एक दगड होता. पांढरा, मोठा, नदीत घासलेला वाटावा असा. मी श्वास घेतला तर दगड नाहीसा झाला.

"हललीस," काका म्हणाले. "इतक्या जवळ गेलं की स्पष्ट दिसणारा थर कागदाएवढा राहतो. त्याला एफ वाढवायचा."

मी डोळा काढला. "काय वाढवायचा?"

"एफ. हे बघ, लेन्सवर आकडे आहेत. एफ म्हणजे आतलं भोक. आकडा मोठा केला की भोक लहान होतं."

"आकडा मोठा आणि भोक लहान? हे कुठलं गणित?"

"कॅमेऱ्याचं. एफ आठवर ठेव. भोक लहान झालं की उजेड कमी, पण थर जाड. आणि एक लक्षात ठेव, प्रत्येक एफ म्हणजे फसवणूक नसते."

ते टोमणा मारत होते हे मला कळलं.

पैशांचं बोलणं आलं. कडं त्यांनी एका वडापावच्या भावात दिलं. लेन्स विकायला तयार नव्हते, वापरून परत आण म्हणाले. मी कुणाचं फुकट घेत नाही, असं मी सांगितलं. "मग फुकट घेऊ नको," ते म्हणाले. "मला एक पत्रक लिहून दे. स्टुडिओचं."

मी जाहिरात लिहीत नाही, तेही लेखी जाहीर केलेलं आहे. पण ग्रामसभा चार दिवसांवर होती. मी काउंटरवरच बसून लिहिलं. 'बंधूंनो आणि भगिनींनो, आणखी किती दिवस डोळे मिटलेले पासपोर्ट फोटो सहन करणार? अर्ज परत येतात, फेरा पडतो, दोष कुणाचा? जागे व्हा, किमान फोटोपुरते तरी डोळे उघडे ठेवा.' शेवटी हात थांबला नाही आणि ते वाक्य पडलंच. मी खोडायला लागले तर काकांनी पेन धरलं.

"राहू दे. याचा पुरावा आमच्याकडे आहे." त्यांनी भिंतीकडे, छतापर्यंतच्या नवरा-नवरींकडे हात केला. "माझ्याकडे खरंच आहे."

घरी फोटो काढायला बसले तेव्हा आत्या आली. "माझा तांदूळ आहे, माझ्यासमोर काढ." पुरचुंडीतल्या दाण्यांवर तिचा विश्वास नव्हता. तिने दुकानातलं नवं पोतं उसवून सूपभर तांदूळ आणला होता आणि रिकामं झालेलं आधीचं पोतं काखेत.

घरातलं बाकडं दोन फळ्यांचं आहे, मधे फट. मी कॅमेरा बाकावर पालथा ठेवला, लेन्स फटीतून खाली लोंबत सोडली. खाली स्टूल, स्टुलावर काळं फडकं, फडक्यावर दोन दाणे, एक साधा, एक पिवळट. उजेड दारातून, आणि सावलीच्या बाजूला आत्या स्टीलचं ताट धरून बसली. सगळं सिद्ध झालं आणि स्टूल दीड वीत खाली निघालं. दाणे धुरकट.

स्टुलाखाली विटा घातल्या. आता जास्त वर. एक वीट काढली, जास्त खाली. काका म्हणाले होते की थर कागदाएवढा आहे. वीट कागदाएवढी नसते. मी तासभर विटा घालत आणि काढत होते, आणि आत्या ताट धरून होती.

शेवटी तीच म्हणाली, "कागदाएवढं पाहिजे तर कागद घाल. तुमच्या घरात कागद कमी आहेत?"

वडिलांची पेटी आली. गठ्ठ्यांनी अंदाजे उंची साधली आणि मग एकेक पत्रक. आत्या खाली बसून घालत होती, मी वर डोळा लावून सांगत होते.

"अजून एक."

"पाणी घातलं."

"अजून. नाही, जास्त झालं, एक काढ."

"कुठलं? रस्ता काढू?"

"रस्ता काढ."

"रस्ता काढला. तसा पण झाला नाय."

"आता थोडं वर."

"एसटी घालते. बारीक कागद आहे."

दारात उभे राहून वडील हे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही, डोळा कॅमेऱ्याला होता. पण त्यांनी एवढंच विचारलं, "वनहक्काचं घालून बघितलं का? ते जाड कागदावर होतं."

पेटीच्या तळाशी एक गठ्ठा सुतळीने बांधलेला होता. वावर-वांगणीकडची मुलं ज्या वर्षांत कुपोषणाने गेली त्या वर्षांतला. आत्याने तो हातात घेतला, वरचं पान वाचलं आणि स्टुलाखाली न घालता पेटीत परत ठेवला. तिने आमच्या घरातलं रेशनकार्डाचं पाकीट उघडलं आणि त्यातली एक जुनी पावती घातली. त्या पावतीवर दाणे स्पष्ट झाले.

मी टायमर लावला, सगळ्यांना श्वास धरायला सांगितलं. फोटो निघाला. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितला, आणि त्याच्या काचेत मला पुराव्याआधी आत्याचा चेहरा दिसला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

साधा दाणा काचेसारखा होता, पोटाशी खडूसारखा पांढरा, एका टोकाला खाच. तिथे मोड असतो, भात कांडताना निघून जातो. दुसऱ्या दाण्याला खाच नव्हती. दोन्ही टोकं सारखी. अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा आणि मधेमधे टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं.

"बघ," मी म्हणाले. "हा शेतातला नाही. यंत्रातून काढलाय. रेघा दिसतात."

"दिसतात," आत्या म्हणाली. "शेवेला असतात तशा."

"काय?"

"शेव. सोऱ्यातून काढली की अशाच रेघा पडतात. आणि पिठात हवा राहिली की अशीच भोकं." तिने सुपातून एक पिवळट दाणा उचलला, पाण्यात बुडवला, थोडा वेळ थांबली आणि ताटावर ठेवून अंगठ्याने दाबला. दाण्याचा लगदा झाला. तिने तो बोटावर घेऊन चाखला. मग बोट माझ्यापुढे केलं.

"प्लास्टिकचं पीठ होतं का, पोरी?"

मी चाखलं. तांदळाचं पीठ होतं.

तेव्हा तिने काखेतलं पोतं माझ्यासमोर पसरलं. एफच्या खाली बारीक इंग्रजी छापलेलं होतं, विणीत अर्धंमुर्धं पुसट झालेलं. "हे काय आहे ते मी गोदामात विचारलं होतं. म्हणाले, वर विचारा. वर कुठं? सूर्यमाळला?" सूर्यमाळ आमच्याकडचं सगळ्यांत उंच गाव. "तू इंग्रजी शिकलीस. तू कधी वाचलंस?"

मी वाचलं नव्हतं. ज्या मुलीने सिगारेटच्या पाकिटापासून निवडणुकीच्या भिंतीपर्यंत सगळं वाचलं, तिने त्या पोत्यावरचं एकच अक्षर वाचलं होतं आणि पुढचं मनाने भरलं होतं. मी कॅमेरा उचलून पोत्यावर धरला. उलट्या लेन्सला एवढं जवळचं दिसत होतं की प्लास्टिकच्या दोऱ्यावर अर्धा 'ओ' दिसला. लेन्स काढली, आपली नेहमीची बसवली, चार पावलं मागे गेले, फोटो काढला. आणि आता वाचता आलं. फोर्टिफाइड. लोह, फॉलिक ॲसिड, बी बारा. तांदळाच्या पिठात हे घालून दाण्यासारखे दाणे काढायचे आणि खऱ्या तांदळात मिसळायचे. टाकीजवळ जाऊन खात्री केली. तसंच होतं.

"म्हणजे रक्त वाढायला घातलेलं," आत्या म्हणाली, "आणि आम्ही ते वेचून वेचून अंगणात टाकत होतो." तिने दारातून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, "तरीच. कोंबड्या या वर्षी नुसत्या पेटल्यात."

पत्रकं अजून बरीच शिल्लक होती. कागद वाया घालवायचा नाही, हेही तत्त्व आहेच. मी जव्हारला जाऊन त्यांच्याच कोऱ्या बाजूवर दोन्ही दाण्यांचे फोटो आणि नवा मजकूर छापून आणला. लेन्स परत केली. काकांनी नवा मजकूर वाचला आणि छपाईचे पैसे घेताना चहा सांगितला.

ग्रामसभेत मी उभी राहिले. आधीचा दुकानदार पहिल्या ओळीत, मांडीवर माझ्या साठ प्रती, सभेत वाटायला आणलेल्या. मी म्हणाले, मी लिहिलेलं चूक होतं. दाणा प्लास्टिकचा नाही, पिठाचा आहे, त्यात लोह घातलंय, फोटो सगळ्यांकडे आहेत, दुकानाचा यात दोष नाही. हे बोलायला जेमतेम दोन मिनिटं लागली. इतकं लहान भाषण मी कधी केलं नव्हतं आणि इतका घाम कधी आला नव्हता.

"मग एफ कशाचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"फॉरेस्टचा," म्हातारे म्हणाले. त्यांनी मत बदललं नव्हतं.

ग्रामसेवकांनी घसा साफ केला. "त्याला गुणसंवर्धित तांदूळ म्हणतात." एका बाईने शेजारणीला विचारलं, हा कुठल्या गावचा?

तेव्हा आत्या जागेवरूनच बोलली. "भरीचा तांदूळ. पिठात रक्तवाढीची भर घालून दाणा काढतात, आपण शेव काढतो तसा. निवडून टाकायचा नाय, शिजवायचा. कळलं?" सगळ्यांना कळलं. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात तोच शब्द लिहिला, मी वाकून बघितलं. दुकान काढून घ्यायचा ठराव वाचलाच गेला नाही. आधीचा दुकानदार निघाला तेव्हा साठ प्रती खुर्चीवर राहिल्या. मी त्या गोळा केल्या. त्यांचीही एक बाजू कोरी होती.

मी पुन्हा उभी राहिले. चूक कबूल केली म्हणून प्रश्न संपत नव्हता. आमच्या ताटात काही घालायचं तर ते काय आहे हे आमच्या भाषेत पोत्यावर लिहायला नको का, गोदामात विचारणाऱ्या बाईला वर पाठवायचं म्हणजे नेमकं कुठे? हे मी विचारलं आणि त्याचा ठराव झाला. मोखाड्याला तहसीलमध्ये तो दिला आहे. त्याचं उत्तर अजून वरून यायचंय.

नसलं तर काय ते आत्या तेव्हा सांगणार होती. तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. नव्या पत्रकाची एक प्रत दुकानात लावायची. मी खळ घेऊन गेले तर तिने खळ बाजूला ठेवली.

"भिंतीला चिकटवायचं नाय. एक बाजू झाकली जाते."

तिने कागदाला वरून भोक पाडलं, दोरा ओवला आणि वजनकाट्याच्या वर, आढ्याला टांगला. तेव्हापासून तो तिथे फिरत असतो. वारा खालून आला की फोटो आणि माफी दिसते, वरून आला की 'एफ म्हणजे फसवणूक'. त्या दुकानात मी कुठल्या बाजूची आहे ते वाऱ्यावर ठरतं.

फक्त मी तांदूळ घ्यायला जाते तेव्हा नाही. मी मशीनवर अंगठा लावते, आत्या मापाकडे बघत बघत एका बोटाने कागद फिरवते, जुनी बाजू माझ्याकडे करते आणि धरून ठेवते, माझी पिशवी भरेपर्यंत.